काशम्माच्या डोळ्यातले राखणदार

मी एक जुना स्लिट लॅम्प आहे. मित्रांनो, नाव तुम्हाला अनोळखी वाटेल. पण तुमच्यापैकी कुणी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलं असेल, तर त्यानं मला नक्की पाहिलं आहे. हनुवटी टेकवायची पट्टी, कपाळ टेकवायचा पट्टा, आणि समोरून डोळ्यात येणारी उजेडाची एक उभी, बारीक रेघ. ती रेघ माझी. पलीकडे दोन नळ्यांना डोळे लावून डॉक्टर बसतात आणि माझ्या उजेडात तुमचा डोळा कितीतरी पट मोठा करून बघतात.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं माझी भिंगं मऊ कापडानं पुसून बसवली. मग लाकडी खोक्यात, भुसा भरून, मी आगगाडीनं सोलापूरला आलो. त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. साखर पेठेत एका धर्मादाय संस्थेचा डोळ्यांचा दवाखाना होता. दोन खोल्या, बाहेर एक बाकडं, आणि दिवसभर आसपासच्या यंत्रमागांचा खडखडाट. आतल्या खोलीत मला मांडलं आणि माझ्यापुढच्या स्टुलावर डॉक्टर वच्छला बसल्या.

वच्छलाबाई मूळच्या वैरागच्या. उंच, बारीक, बोलायला तुटक. पण हात असा हलका, की बुबुळाला कधी टोचलं असं कुणी म्हटलं नाही. त्यांनी लग्न केलं नव्हतं. रोज सकाळी आल्या की आधी माझी भिंगं पुसायच्या आणि मगच पहिल्या माणसाला हाक मारायच्या. मदतीला नागनाथ होते. तेच केसपेपर काढायचे, तेच थेंब घालायचे, तेच फरशी पुसायचे.

त्या वर्षांत मी हजारो डोळे पाहिले. विडी कामगार बायांचे, मागावरच्या माणसांचे, अक्कलकोटकडून आलेल्या कानडी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचे. मोतीबिंदू, बुबुळावर पडलेली पांढरी फुलं, डोळ्यात गेलेली लोखंडाची कणी. लोक म्हणायचे, "बाईंच्या मशीनला समदं दिसतं." ते ऐकून मला फार बरं वाटायचं. तेव्हा मलाही ते खरंच वाटत होतं.

काशम्मा पहिल्यांदा आली त्याला सात वर्षं झाली. पन्नाशीची, ठेंगणी, हिरवं लुगडं नेसलेली, उजव्या डोळ्यावर पदराचा बोळा धरलेली. ती यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. नवरा वारलेला. मुलगा सुरतेला, तिथंच संसार. घरी ती एकटी.

"बाई, डोळा लई दुखतंय. उजेड बघवंना," ती म्हणाली. ती तेलुगू घरातली, त्यामुळे तिचं मराठी जरा वेगळ्या चालीचं होतं.

"किती दिवस झाले?"

"आठ दिवस. सगळे म्हणतेत डोळे आलेत."

वच्छलाबाईंनी तिची हनुवटी पट्टीवर टेकवली आणि माझी रेघ अगदी बारीक केली. खोलीतला दिवा बंद केला. मी तिच्या डोळ्यात तिरपा शिरलो. मित्रांनो, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागे पाण्यानं भरलेली एक चिमुकली खोली असते. निरोगी डोळ्यात तिथलं पाणी इतकं नितळ असतं, की माझा उजेड त्यातून जाताना दिसतसुद्धा नाही. काशम्माच्या डोळ्यात तो दिसला. धुक्यातून जावा तसा. आणि त्या उजेडात पांढरे, बारीक कण हळूहळू वर जात होते, खाली येत होते.

वच्छलाबाईंनी माझी रेघ वरून खाली पुन्हा एकदा फिरवली. मग त्यांनी दिवा लावला.

"डोळे आलेले नाहीत, काशम्मा. हे दुसऱ्याला लागत नाही. बुबुळाला आतून दाह झालाय. तुझ्या डोळ्यात पांढऱ्या पेशी तरंगतायत, कवडशात धूळ दिसती तशा."

"आमच्या शेडमधी कापूस उडतंय, तसं?"

"तसंच. फक्त हे बाहेरून आलेलं नाही. त्या तुझ्याच रक्तातल्या पेशी. अंगाच्या राखणदार म्हण. कुठं जंतू शिरला, जखम झाली, की त्या धावून जातात. कधी कधी चोर नसतानाच धावून येतात. का येतात ते दर वेळी कळत नाही."

"मग त्या काय करतेत?"

"गर्दी. डोळ्यात रोज थोडं पाणी तयार होतं आणि कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं. ह्या पेशी आणि त्यांचा गाळ त्या जाळीत अडकतो. जाळीलाही सूज येते. पाणी तुंबतं, दाब वाढतो. तो दाब मागच्या नशीवर पडतो. त्यालाच काचबिंदू म्हणतात."

मग त्यांनी तिच्या डोळ्यात पिवळं औषध लावलं, मला निळा उजेड द्यायला लावला, आणि दाब मोजायचा लहानसा दांडा अलगद बुबुळाला टेकवला. दोन हिरव्या अर्धकड्या दिसतात; त्या एकमेकींना आतून शिवल्या की आकडा वाचायचा. साधारण दहा ते एकवीस असावा. काशम्माचा तीस होता.

तिला तीन औषधं दिली. त्यातलं एक दुधासारखं पांढरं, हलवून घालायचं. ते स्टिरॉइड होतं. वच्छलाबाईंनी बाटली तिच्या हातात देऊन तिची बोटं त्यावर मिटवली आणि म्हणाल्या, "हे औषध राखणदारांना शांत करतं. पण हे दुधारी आहे. फार दिवस घातलं तर हेच दाब वाढवतं, आणि वाढलेला कळत नाही. मी सांगीन तसं कमी करत जायचं. दर आठवड्याला मला डोळा दाखवायचा. आपल्या मनानं एक थेंबसुद्धा नाही."

काशम्मा दर आठवड्याला आली. मी दर आठवड्याला पाहिलं. आधी कण निम्मे झाले, मग मोजके, मग एके दिवशी माझा उजेड त्या खोलीतून कुठंही न अडता पार गेला. दाब सोळावर आला. दीड महिन्यात औषध बंद झालं. वच्छलाबाई त्या दिवशी हसल्या. "हे पुन्हा येऊ शकतं," त्या म्हणाल्या. "डोळा लाल झाला की सरळ माझ्याकडे."

त्या दीड महिन्यात ती स्टुलावर बसल्या बसल्या आपली हकीकत सांगायची. शेडमध्ये बजाबाई नावाची जुनी कामकरीण होती. तिथल्या बायका तिचं ऐकायच्या. काशम्माचा डोळा लाल दिसला तसं बजाबाईनं तिला ओळीतून उठवून अगदी कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं. तिथं पंख्याचं वारं पोचत नव्हतं. दुपारी सगळ्या गोल करून जेवायच्या, शेंगाचटणी एकमेकींच्या भाकरीवर वाढायच्या; काशम्मा तिच्या मशीनपाशी भिंतीकडे तोंड करून खायची. नळावर ती आली की बाकीच्या आपापल्या घागरी उचलून मागं व्हायच्या. कुणी वाईट बोललं नाही. नुसत्या सरकायच्या.

"डोळ्याचं दुखणं सोसतंय बाई," ती म्हणाली होती. "सरकलेलं सोसंना."

वच्छलाबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "त्यांना सांग की, लागत नाही म्हणून."

"सांगितलं तर पटतंय का? डोळा पांढरा झाला की येतील."

आणि खरंच, डोळा पांढरा झाल्यावर त्या आल्या. काशम्मा परत ओळीत बसली.

यानंतर वर्षभरानं वच्छलाबाई दवाखान्याच्या पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बार्शीहून त्यांची भाची गाडी घेऊन आली आणि त्यांना घेऊन गेली. जाताना त्या आतल्या खोलीत आल्या नाहीत, येऊ शकल्या नाहीत. मी बाहेरून त्यांचा आवाज ऐकला. त्या नागनाथांना सांगत होत्या, "मशीनचा बल्ब गेलाय. नवा आणून ठेवा. धूळ बसू देऊ नका."

संस्थेला दुसरे डॉक्टर मिळाले नाहीत. मग बल्बही आला नाही. नागनाथांनी मला एका जुन्या चादरीत गुंडाळलं, खिडकी लावली. मधूनमधून ते आत येऊन खोकी ठेवायचे. चष्म्यांची, शिबिराच्या फलकांची. पुढं पुढं खोक्यांची रास माझ्या खांद्यापर्यंत आली. दिवस कुठला, महिना कुठला, कळेनासं झालं. माग चालू असले की दिवस, बंद असले की रात्र किंवा वीज गेलेली, एवढंच. ज्याचं काम दुसऱ्याच्या डोळ्यात बघण्याचं, त्याच्यावर पांघरूण घातलं की त्याला आपण आहोत की नाही हेही नीट कळत नाही.

अशात एकदा दारात काशम्माचा आवाज आला.

"नागनाथदादा, बाई हायत का? डोळा परत लाल झालंय."

"बाई बार्शीला गेल्या. आता काय येत न्हाईत. तुमी सिव्हिलला जावा की."

"तितं अख्खा दिवस जातंय. खाडा झाला की मालक दुसरी बघतंय." मग तिनं विचारलं, "मशीन तरी हाय का?"

"मशीन हाय. पन मशीनला बघणारं मानूस पायजे की, अक्का."

मी चादरीखाली होतो, मित्रांनो. माझी सगळी भिंगं शाबूत होती. ती माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती आणि परत गेली.

ती कुठं गेली हे मला पुढं दोन वर्षांनी कळलं.

दोन वर्षांनी दार उघडलं आणि पांढऱ्या कोटातली एक मुलगी आत आली. तिनं स्वतः खोकी बाजूला काढली, चादर ओढली आणि शिंकली. डॉक्टर उत्कर्षा. नुकतीच शिकून आलेली, बोलायला भरभर. संस्थेनं आठवड्यातून तीन दिवसांसाठी तिला आणलं होतं. तिनं नागनाथांना बल्ब आणायला पिटाळलं आणि तोवर तिथंच जमिनीवर बसून माझ्या रुळांवरचा गंज पुसला. नवा बल्ब बसला. मी पेटलो. समोर कुणाचा डोळा नव्हता, तरी ती नळ्यांना डोळे लावून रिकाम्या हवेत बघत राहिली आणि म्हणाली, "भिंगं काय सुरेख आहेत हो नागनाथमामा याची."

तिसऱ्या आठवड्यात काशम्मा आली. मी तिला ओळखलं, पण तिचं चालणं बदललं होतं. ती दाराच्या चौकटीला हात लावून आत आली.

"सायकलवाला अंगावर आला," तिनं सांगितलं. "म्हंजे त्यो सरळच आला. मलाच दिसला न्हाय. मग घरी डावा डोळा मिटून बघितलं. उजव्यानं कसं दिसतंय म्हणू, रिकाम्या कांडीच्या भोकातून बघावं तसं. मधलं दिसतंय. कडंचं समदं गेलंय."

"डोळा दुखतो? लाल होतो?"

"न्हाय. दोन वर्षांत कधीच न्हाय." हे ती जरा अभिमानानंच म्हणाली.

तिनं हनुवटी टेकवली. मी आत शिरलो. पुढची खोली नितळ होती. एकसुद्धा कण नव्हता. डोळा बाहेरून पांढराशुभ्र. मला वाटलं, सगळं ठीक आहे. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मला असं वाटलं, हे सांगताना आजही लाज वाटते.

उत्कर्षानं निळा उजेड लावला, दाब मोजला. पुन्हा मोजला. उजवा बेचाळीस, डावा सत्तावीस. मग तिनं हातात एक लहान गोल भिंग धरलं आणि माझा उजेड बाहुलीतून पार मागं, डोळ्याच्या तळाशी पोचवला. तिथं नशीचं तोंड दिसतं, गोल, फिकट केशरी. काशम्माच्या उजव्या डोळ्यात ते खोलगट, पोकळ आणि खडूसारखं पांढरं झालं होतं. कडेला नावापुरती किनार उरली होती.

"मावशी, डोळ्यात काही औषध घालता?"

काशम्मानं कमरेच्या पिशवीतून बाटली काढली. पांढरं औषध. वच्छलाबाईंच्या रिकाम्या बाटलीवर बोट ठेवून तिनं ते एका औषधाच्या दुकानातून मागितलं होतं, आणि दर महिन्याला नवी बाटली घेत होती.

"दोन्ही डोळ्यांत?"

"दोन्ही. एक पांढरा, एक लाल नको म्हणून."

"लाली गेल्यावर बंद का नाही केलंत?"

काशम्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बंद केलं आणि परत लाल झालं तर? परत कोपऱ्यात बसवतेत. मला कोपरा नको होता, बाई."

उत्कर्षा खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसली. तिला रागवायचं असावं, पण तिनं रागवलं नाही. हळूहळू, सोप्या शब्दांत तिनं सगळं समजावलं. औषधानं पुढच्या खोलीतला दाह दाबून ठेवला होता, म्हणून डोळा लाल होत नव्हता. पण त्याच औषधानं पाणी जायची जाळी आणखी बंद केली होती. दाब चढत गेला, आणि असा हळू चढणारा दाब बहुधा दुखत नाही.

"म्हंजे राखणदार गेले, तरी घात झाला?" काशम्मानं विचारलं.

"पुढचे गेले. मागं दुसरे असतात, मावशी. पुढचे रक्तातून येतात आणि जातात. मागच्या पडद्यात आणि नशीत राहणारे वेगळे. ते जन्माच्या आधीपासून तिथंच असतात. एरवी शांत असतात. झाडलोट करतात, मेलेलं उचलतात, कुठं काही दुखावलं तर लक्ष ठेवतात. दाबानं नशीचे धागे चिमटले, की ते बिथरतात. त्यांचा आकार बदलतो, ते आजूबाजूला जळजळीत द्रव्यं सोडायला लागतात. मग दुखावलेल्या धाग्याबरोबर शेजारचा चांगला धागाही जातो. हा दाह बाहेर दिसत नाही. माझ्या या मशीनलासुद्धा दिसत नाही."

"त्यांना गप करायचं औषध न्हाय का?"

"शोधतायत. जगभर माणसं त्याच कामाला लागलीत. अजून हातात आलेलं नाही. आज आपल्या हातात एकच आहे, दाब उतरवणं."

काशम्मानं बाटली उत्कर्षाच्या हातात दिली. "नशीत धागे असतेत म्हणालाव. किती?"

"दहा-बारा लाख."

"ताण्यासारखे." कापडाच्या उभ्या धाग्यांना विणकर लोकांत ताणा म्हणतात. "ताणा तुटला तर आमच्यात गाठ मारून जोडतेत की."

"नशीच्या धाग्याला गाठ बसत नाही, मावशी. गेला तो गेला. उरलेत ते राखायचे."

काशम्मानं मान हलवली. ती रडली नाही. माझ्या पट्टीवर तिच्या हनुवटीचा घाम होता, तो तिनं पदरानं पुसून काढला.

ते औषध एकदम तोडलं नाही. एकदम तोडलं असतं तर पुढचे राखणदार पुन्हा धावून आले असते. उत्कर्षानं ते दुसऱ्या, सौम्य औषधावर आणून पायरी पायरीनं कमी केलं. दाब उतरवायचे थेंब आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काशम्माच्या बोटांना मुंग्या यायच्या आणि सूत हातात कळायचं नाही. तरी तिनं एक गोळी चुकवली नाही. डाव्या डोळ्याचा दाब दोन महिन्यांत अठरावर आला आणि टिकला. त्याची नस जवळजवळ पूर्ण वाचली. उजव्याचा दाब तिशीच्या खाली येईना. त्याला शस्त्रक्रिया लागणार होती. पाण्याला दुसरी वाट करून द्यायची. ती मोठ्या इस्पितळात होणार होती, आणि डोळा तीन महिने शांत राहिल्यावरच.

"सोबत कोण येईल?" उत्कर्षानं विचारलं.

"मुलगा सुरतेला. त्याला सुट्टी न्हाय. फोनवर म्हणाला, बघू." मग म्हणाली, "कुणी न्हाय."

शेवटी नागनाथ गेले. परत आल्यावर त्यांनी उत्कर्षाला सांगितलं ते मी ऐकलं. इस्पितळात एक कागद होता, त्यावर रुग्णाबरोबर आलेल्या माणसाचं नातं लिहायचं होतं. नागनाथ पेन धरून थांबले. काशम्मा बाकावरून म्हणाली, "भाऊ लिवा की." त्यांनी लिहिलं. "मग मलाच रात्रभर तितं थांबावं वाटलं, बाई," ते म्हणाले. "भाऊ लिवलंय म्हटल्यावर."

शस्त्रक्रिया नीट झाली. उजव्या डोळ्याचा दाब चौदावर आला. नजर होती तेवढीच राहिली, कांडीच्या भोकाएवढी. गेलेलं काही परत आलं नाही. कांड्या भरायचं काम मात्र सुटलं. फिरत्या मशीनजवळ तिला कुणी बसू देईना आणि ते बरोबरच होतं. त्याच शेडमध्ये तिला चादरींच्या घड्या घालायचं काम मिळालं. ते हातांनी होतं.

महिन्यानं ती तपासणीला आली तेव्हा तिच्यामागून एक थोराड बाई आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती बजाबाई होती. मी तिच्याबद्दल इतकं ऐकलं होतं, की माझ्या मनात तिचा चेहरा क्रूर होता. तो तसा नव्हता. साधा, उन्हानं रापलेला, ओशाळलेला होता.

तपासणी चालली होती तेव्हा ती मध्येच म्हणाली, "मला काय ठावं. डोळे आलेत वाटलं. पोरीबाळी हायत शेडमधी, म्हनून सरकवलं."

काशम्माची हनुवटी पट्टीवर होती, तिला मान हलवता येत नव्हती. ती तशीच बोलली, "व्हय."

"तू बोलली का न्हाईस? पसरत न्हाय म्हनून?"

"तुमी इचारलं न्हाय."

उत्कर्षा नळ्यांना डोळे लावून तशीच बसून राहिली. बजाबाईनं पदरानं तोंड पुसलं, बाहेर जाऊन बाकड्यावर बसली, आणि तपासणी संपेपर्यंत थांबली. पुढच्या महिन्यात ती आली नाही. तिला काम होतं म्हणे. काशम्मा एकटीच आली. हे असंच असतं, मित्रांनो. चुकलं असं कळलेलं माणूसही रोज बरोबर चालतंच असं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं. या वर्षी संस्थेला एका दात्यानं नवा स्लिट लॅम्प दिला. त्याला कॅमेरा आहे, पडदा आहे. त्याचा उजेड पांढरा आणि थंड आहे, माझा पिवळट. उत्कर्षानं मला भंगारात जाऊ दिलं नाही. तिनं मला बाहेरच्या खोलीत दाराशी ठेवलं, बाकड्याच्या टोकाला, आणि वर एक स्वच्छ चादर टाकली. मी मान खाली घातल्यासारखा उभा असतो. लोक येतात, बाकड्यावर बसतात, नाव आलं की आत जातात. आत नव्या यंत्राचा खटका वाजतो तेव्हा मला कळतं, आता रेघ बारीक केली, आता निळा उजेड लागला.

गेल्या मंगळवारी काशम्मा तपासणी करून बाहेर आली. दाब चांगला होता. आतून उत्कर्षाचं बोलणं ऐकू आलं होतं. तपासणीच्या थेंबांनी तिला दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसत होतं. दुपारची वेळ होती, बाकडं रिकामं होतं. ती भिंतीच्या कडेनं दाराकडे निघाली आणि तिचा उजवा खांदा माझ्यावर आदळला. मी हललो. ती दचकून थांबली. तिनं हात पुढं केला, तिच्या हाताला चादर लागली आणि चादरीखाली खांद्यासारखं काहीतरी.

"लागलं का हो?" ती म्हणाली. "मला ह्या अंगाला दिसत न्हाय."

मी काय बोलणार.

"पयल्यांदाच आलाव व्हय?" ती बाकड्याच्या कडेवर माझ्याशेजारी बसली. समोर बघत, आवाज खाली आणून ती बोलू लागली. "भिऊ नका. डॉक्टरीणबाई चांगली हाय. दुखत न्हाय काय. उजेडाकडं बघायचं आणि गप बसायचं, एवढंच. डोळा लाल झाला म्हनून दुकानातलं पांढरं औषध मनानं घालू नका. मी घातलं. लाली गेली, मानसं जवळ आली, आनि नस गेली. घरच्यांनाबी सांगा. चाळिशी झाली की वर्षातून एकदा दाब बघून घ्यायचा, डोळा दुखू दे न्हायतर न दुखू दे. मला कुणी हे शेडमधी सांगितलं असतं तर लई बरं झालं असतं."

ती थोडा वेळ उत्तराची वाट बघत राहिली. रस्त्यावरून एक टमटम गेली.

"बोलायचं न्हाय तर नका बोलू," ती म्हणाली. "डोळा दुखताना मलाबी बोलावं वाटायचं न्हाय."

आणि ती उठली नाही. आतून नागनाथ तिची चिठ्ठी घेऊन येईपर्यंत ती माझ्याशेजारी तशीच बसून राहिली.

मित्रांनो, मला आयुष्यभर वाटत होतं की मला सगळं दिसतं. तसं कधीच नव्हतं. नशीतल्या राखणदारांचं बिथरणं मला दिसलं नाही, आणि एका बाईला कोपऱ्यात बसावं लागू नये म्हणून ती रोज डोळ्यात काय घालते आहे, तेही दिसलं नाही. माझ्यासारख्या यंत्रांना पुसून ठेवा, बल्ब गेला तर वेळेवर बदला. ते तर कराच. पण लाल डोळ्याचं माणूस भेटलं तर मागं सरकण्याआधी त्याला एवढं म्हणा, की चल, मी येतो तुझ्याबरोबर दवाखान्यात. हात नंतर साबणानं धुवा. तेवढं पुरतं.